दुप्पट उंचीचे डोंगर

जेवणाच्या टेबलावर डोंगररांग येऊन बसली, तेव्हापासून दोघे नवरा-बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलांवर बसून जेवू लागले. तक्रार बाईंची असे, तीही लटकी. "लोक डोंगरावर घर बांधतात. आमच्याकडे डोंगरानं घर केलंय," असे त्या फोनवर बहिणीला सांगत, आणि शेजारच्या खोलीतून काका ओरडत, "अजून पायथाच झालाय म्हणावं. माथा बाकी आहे!"

काका भूविज्ञान खात्याच्या नकाशा शाखेतले निवृत्त आरेखक. खात्यातली तरुण मंडळी त्यांना पट्टीकाका म्हणत, कारण पोलादी पट्टी त्यांच्या खिशात कायम असे आणि घरचे पडदे शिवायला टाकले तरी शिंप्याच्या टेपवर त्यांचा विश्वास नसे. बाई त्याच खात्यातल्या भूवैज्ञानिक. नोकरीची सारी वर्षे त्यांनी एकाच डोंगररांगेत काढली. बर्फ वितळला की वर जायचे आणि बर्फ पडू लागला की खाली यायचे. वरून त्या खडकांची मोजमापे आणत आणि काका खाली आरेखन कक्षात बसून त्यांचे छेद काढत. छेद म्हणजे डोंगर सुरीने उभा कापला तर आतले थर कसे दिसतील, त्याचे चित्र. लग्नही अशाच एका छेदावरून जमले. "हिनं माझी रेघ खोडली, म्हणून मी हिला लग्नाचं विचारलं," असे काका सांगत. "रेघ चुकली होती," एवढेच बाई त्यावर म्हणत.

त्या रांगेचा सर्वांत जुना नकाशा खात्याच्या दप्तरखान्यात होता. तो काढणाऱ्याने खाली मैदानात दुर्बीण लावून शिखरे टिपली होती, आणि दोन मोठ्या सोंडांच्या मधली जागा कोरी सोडून तिथे एकच शब्द लिहिला होता: ढग. पुढच्या दोन पिढ्यांच्या नकाशाकारांनी तो ढग इमानेइतबारे आपापल्या नकाशात उतरवून घेतला. बाई नोकरीला लागल्या त्याच उन्हाळ्यात त्या ढगात शिरल्या. आत एक खोल दरी निघाली. छावणीतल्या लोकांनी तिच्या एका अंगाच्या सोंडेला थोरली आणि दुसरीला धाकटी अशी नावे पाडली होती. दोन्ही सोंडांवर, ढग पायाखाली राहतील इतक्या उंचीवर, बाईंना एक करडा चुनखडक सापडला. त्यात शिंपले होते, शेजारी शेजारी, जसे मेले तसेच बसलेले. कधीकाळी हा सगळा मुलूख समुद्राचा तळ होता.

थोरलीवर हा थर दरीपासून बाहेरच्या बाजूला उतरत होता आणि धाकटीवर बरोबर उलट्या बाजूला. बाईंनी त्यावरून ताडले की हा एकच थर आहे. दोन्ही बाजूंनी रेटा आल्यावर चादर मध्ये उचलली जावी तशी त्याची कमान झाली. पुढे कमानीचा माथा झिजून वाहून गेला, त्या जागी दरी पडली आणि कमानीचे दोन पाय तेवढे दोन सोंडांवर उरले. खात्यात याला बाईंची घडी म्हणत. इतकी वर्षे ती नकाशात होती, पण कच्च्या, म्हणजे खात्री नसल्याच्या रेघेने. पक्की करायला बाईंनीच कधी परवानगी दिली नव्हती. "अजून एकदा वर जाऊन बघते," असे त्या म्हणत. आणि मग त्यांचे डोळे गेले.

पूर्ण गेले नाहीत. मधला भाग विझला. कडेचे दिसे, पण नेमके जिथे पाहावे तिथे राखाडी डाग येई. "दाराची चौकट दिसते, दारात कोण उभंय ते दिसत नाही," असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते. नकाशा तर पूर्णच बंद झाला होता.

अशा वेळी एक दिवस हातोडी घरी आली. हातोडी ही बाईंची शेवटची शिष्या. पहिल्या छावणीत तिने तंबूच्या खुंट्या ठोकण्यापासून अक्रोड फोडण्यापर्यंत सगळे काही खडक फोडायच्या हातोडीने केले होते, तेव्हापासून तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नव्हती. आता ती त्या रांगेच्या नव्या नकाशाची प्रमुख होती.

"बाई, नकाशा महिनाअखेर छापायला जातोय," ती म्हणाली. चहा तिने तसाच ठेवला होता. "आणि तुमची घडी अडकलीये."

"अडकली म्हणजे? दारात का?"

"चेष्टा नका ना करू. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांना वाटतं की ती घडी नाहीच. त्या चकत्या आहेत. पत्त्यांची गड्डी एका बाजूनं ढकलली की पत्ते एकमेकांवर चढतात ना, तसे खडकाचे तुकडे तुटून एकावर एक चढलेत. म्हणजे तुम्हाला जागोजागी दिसला तो एक थर नाही, वेगवेगळ्या चकत्यांचे वेगवेगळे थर."

"आणि तुला काय वाटतं?"

हातोडीने चहाचा कप बशीत फिरवला.

"बोल की. मी काय खाणार आहे का तुला?"

"मला माहीत नाही, बाई. खरंच नाही. खात्याच्या नकाशा मंडळानं ठरवलंय की मोजमापं तुमची आहेत, तर शेवटचा शब्द तुमचा. घडी म्हणाल तर पक्की रेघ. नाही म्हणाल तर चकत्या. काहीच नाही म्हणालात तरी चकत्याच, कारण कच्च्या रेघा या वेळी ठेवायच्या नाहीयेत."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "जे मला दिसत नाही त्यावर मी हो कशी म्हणू? आठवणीवर सही करू?"

तेव्हा काका, जे इतका वेळ बिस्किटे एका रांगेत लावत होते, म्हणाले, "दिसत नाही ना? मग हाताला लागेल असं करतो."

अशा रीतीने टेबलावर डोंगर आला. कामाची पद्धत सोपी होती. नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात. प्रत्येक रेषेच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापायचा आणि तो आधीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चढला की डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उभा राहतो. मग त्यावर लगदा लिंपून पायऱ्या बुजवायच्या. काकांनी प्रत्येक उंचीला दोन पुठ्ठे घेतले. डोंगर वाळल्यावर जिथे जिथे बाईंना शिंपल्यांचा थर सापडला होता तिथे तिथे त्यांनी फट पाडून पितळेची एकेक पट्टी बसवली. पट्टीचा कल कोनमापकाने तपासून तंतोतंत ठेवला, कारण बाईंनी त्या त्या जागी थराचा कल मोजून आणला होता आणि ते आकडे काकांना तोंडपाठ होते. बाईंनी एका पट्टीवर बोट ठेवून ती ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने हात सरकवला आणि पुढची पट्टी हाताला लागली, तर थर एकच. पट्टीची दिशा पुढच्या पट्टीच्या वरून किंवा खालून निघून गेली, तर चकत्या.

काम चालू असताना बाईंना त्यांनी हात लावू दिला नाही. "ओलं आहे," म्हणत. बाई दारातून वास घेत आणि विचारत, "थोरली झाली का?" "झाली." "आणि धाकटी?" "तिचे नखरे चाललेत."

सगळे वाळले त्या सकाळी काकांनी खुर्ची ओढून दिली. बाईंनी हात धुतले, पुसले, आणि टेबलाच्या कडेवरून वर आणले.

"ही थोरलीची पहिली," काकांनी त्यांचे बोट पट्टीवर ठेवले. "पुढच्या तुझ्या तू शोध."

बाईंचे बोट पितळेवर टेकले. त्यांनी तळवा पट्टीच्या कलाला लावला, मनगट घट्ट धरले आणि हात सरळ पुढे सरकवला. दुसरी पट्टी लागली नाही. ती बरीच खाली होती. बाईंचा तळवा तिच्या डोक्यावरून निघून गेला होता. त्यांनी दुसरीपासून सुरुवात केली. हात तिसरीच्या वरून गेला. धाकटीकडे जाऊन पाहिले. तिथेही तेच. पुन्हा पहिल्यापासून केले, या वेळी डोळे मिटून. काका शेजारी उभे राहून नुसते पाहत होते.

"पत्ते," बाई शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"एकावर एक. पोरं म्हणतात तेच बरोबर." त्यांनी हात मागे घेतले आणि पदराला पुसले, पदराला काही लागलेले नसताना. "काम मात्र सुरेख केलंत हो तुम्ही. इतकं साफ उत्तर मला वर एवढ्या फेऱ्या मारून मिळालं नव्हतं."

"अगं, पण एकदा नीट..."

"नीटच बघितलं. तीनदा बघितलं." त्या हसल्या. "आता तोंड असं करू नका. मला दिसत नसलं तरी कळतं."

दुपारी त्यांनीच हातोडीला फोन लावला. "चकत्या घाल," त्या म्हणाल्या. मग पलीकडचे ऐकत राहिल्या. "अगं, रडतेस काय? मी मेले नाहीये. चुकले आहे. दोन्हींत फरक असतो."

संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे रेडिओ ऐकत बसल्या. पण बातम्या संपून रेडिओ नुसता खरखरू लागला तरी त्यांच्या लक्षात आले नाही. काकांनी उठून तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीतल्या माझ्या घडीच्या छेदांच्या गुंडाळ्या माळ्यावर टाकून द्या. भिंतीवरचा मोठाही काढा. उगाच लोक विचारतात."

काकांच्या जिवावर आले, तरी ते स्टुलावर चढले. भिंतीवरचा छेद त्यांच्याच हातचा होता, त्यांच्या उमेदीतला. तो पाहायला इतर शाखांतले लोक यायचे. खिळे काढून त्यांनी तो खाली घेतला. गुंडाळायला मोठी जागा हवी म्हणून ते टेबलापाशी आले आणि टेबलावर डोंगर असल्यामुळे त्यांनी कागद डोंगराला टेकवून उभा धरला.

कागदावरची थोरली आणि टेबलावरची थोरली एकमेकींशी जुळल्या. तोच उतार, तीच खाच, तोच माथा. मापही एकच होते, त्यांच्या हाताला सवयीचे. पण कागदावरची शिंपल्यांच्या थराची रेघ घसरगुंडीसारखी खाली झेपावत होती, आणि तिच्या शेजारी पितळेच्या पट्ट्या आळसावून पडल्या होत्या.

काकांनी कागद हळूच खाली ठेवला आणि ते खुर्चीत बसले.

डोंगर कागदावर काढताना उंची वाढवून घ्यावी लागते, हे आरेखन कक्षातले पहिले शिक्षण. मोठ्यातली मोठी रांगसुद्धा तिच्या लांबी-रुंदीच्या मानाने ठेंगणी असते. खऱ्या मापात काढली तर चुरगळलेल्या रुमालासारखी दिसते आणि आतले थर दाखवायला जागाच उरत नाही. म्हणून उंची दुप्पट. पण उंची दुप्पट केली की थरांचे कलही त्या हिशेबाने तीव्र करावे लागतात. त्यासाठी कक्षाच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला असे: खरा कल इतका, तर कागदावर इतका. काका तो तक्ता न पाहता रेघ ओढत नसत. या वेळी मात्र समोर कागद नव्हता. हाताला लागणारा, वजनाचा, वाळणारा डोंगर होता. उंचीला दोन पुठ्ठे त्यांनी हाताच्या सवयीने घेतले, आणि पट्ट्या बसवताना, हा खरा डोंगर आहे या समजुतीने, खरे कोन लावले. डोंगर दुप्पट आणि थर होते तेवढेच. अशा डोंगरात कोणतीही कललेली पट्टी पुढच्या पट्टीला भेटली नसती. अख्ख्या पृथ्वीवरचा प्रत्येक डोंगर चकत्यांचा निघाला असता.

ते तसेच उठून बाईंकडे गेले. बाई खिडकीपाशी वाटाणे सोलत होत्या. ते काम बोटांना येई.

"मी घोळ घातलाय," काका म्हणाले आणि त्यांनी सगळे सांगितले. एकदाही न थांबता, जसा अहवाल वाचावा तसे.

बाईंनी ऐकून घेतले. मग वाटाण्याची शेंग परातीत ठेवली. "अहो," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "हे नका करू."

"काय नको करू?"

"माझं मन राखायला हे. मला वाईट वाटलं, हो, वाटलं. पण ते माझं मी निस्तरीन. तुम्ही आता पट्ट्या वाकवाल, माझी घडी जुळवून द्याल, आणि मी खूश होऊन खोटा नकाशा छापीन. माझं एवढं वाटोळं करू नका."

काकांना कोणी तोंडात मारल्यासारखे झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या रेघांवर तिने शंका घेतली होती, हेतूवर कधी नाही. रागाने काहीतरी बोलावे असे त्यांच्या ओठांवर आले. पण मग त्यांना दिसले की तिने परात दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, आणि आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवायची तिला इतकी ओढ आहे की त्याचीच तिला भीती वाटते आहे.

"ये जरा," ते म्हणाले. "पट्ट्यांना हात नको लावूस. फक्त डोंगराला लाव."

"डोंगराला काय लावायचंय?"

"काल तू पट्ट्या चाचपल्यास. डोंगर नाही चाचपलास. तो माझ्यावर सोडलास."

बाई आल्या. काकांनी खुर्चीही पुढे केली नाही, बोटही धरले नाही. बाईंनी उभ्यानेच दरीचा तळ शोधला, ओढ्याची खाच शोधली आणि तिथून दोन बोटे माणसाच्या पायांसारखी करून त्या थोरलीवर चढू लागल्या. काही पावलांतच बोटे थांबली. पुन्हा खालून निघाल्या. पुन्हा थांबल्या.

"ही आमची छावणीची वाट ना? ओढ्यावरून खिंडीत जाणारी?"

"हो."

"या वाटेनं आमची खेचरं तंबू, भांडी, दगडांच्या पेट्या घेऊन चढायची." त्यांनी तळवा उतारावर पालथा टेकवला आणि मनगट किती वळले ते जोखले. "यावर खेचर? यावर पाल तरी चढेल का?"

"मी वर कधी गेलोय तेव्हा मला कळावं!" काका म्हणाले. ते खरेच होते. जरा उंचावर गेले की त्यांना भोवळ येई, त्यामुळे त्यांची रांग सगळी कागदावरची.

बाई हळूहळू दुसऱ्या उतारावर गेल्या, मग खिंडीत, मग माथ्यावर. माथ्यावर त्यांची बोटे रेंगाळली. आणि एकाएकी त्यांना हसू फुटले. आधी नुसते खांदे हलले, मग त्या टेबलाला धरून खाली बसल्या.

"काय झालं?"

"अहो, मी वर असायचे तेव्हा तुम्ही पत्रात लिहायचात, कड्यावर जाऊ नकोस, दोरी लाव, दरीत वाकून बघू नकोस. मला वाटायचं, या सपाट वाटेवर दोरी कशाला बांधू? तुमच्या डोळ्यांपुढे हे होतं होय! इतकी वर्षं तुम्ही माझी काळजी दुप्पट उंचीवर केलीत!"

काकांनाही हसू आले, पण त्यांना नीट हसता येईना. त्यांनी खिशातून पट्टी काढली, पाहिली, परत ठेवली. "मग काय करणार? कागद तसाच होता," ते म्हणाले.

बाईंनी हात पुढे करून त्यांचे मनगट शोधले.

"पट्ट्या वाकवायच्या नाहीत," बाई मग म्हणाल्या. आवाज पुन्हा कामाचा झाला होता.

"नाही वाकवत. पट्ट्या आहेत तशाच. डोंगर खाली आणतो. उंचीला एकच पुठ्ठा."

"आणि पट्ट्या तुम्ही बसवायच्या नाहीत. रागावू नका."

"रागावलो नाही. मीही तेच सांगणार होतो."

हातोडी निरोप मिळताच आली. "बाई, मी चकत्यांची रेघ आत घातलीये पण अजून पाठवली नाही," ती दारातच म्हणाली. "हात धजेना."

"पाठवायला हवी होतीस. सांगितलं की करायचं."

"तुम्हीच शिकवलंत, एका फोनवर डोंगर हलवायचा नाही."

"हे मी कधी शिकवलं?"

"शिकवलं असतं तर असंच शिकवलं असतं."

नवा डोंगर वाळून तयार झाल्यावर काकांना स्वयंपाकघरात पाठवण्यात आले. दार लोटून घेतले. मोजमापांचे आकडे हातोडीने खात्याच्या दप्तरखान्यातून स्वतः आणले होते. पट्ट्या तीच बसवणार आणि काका बाहेर येणार नाहीत, असा करार होता. काका स्टुलावर बसले. पलीकडून पुठ्ठ्यात फट पाडल्याचा आवाज येई, मग कोनमापक टेबलावर ठेवल्याचा. "कल किती?" "बाई, तुम्ही विचारायचं नाही. तुम्ही फक्त हात लावायचा." "बरं, बाई!" हे दुसरे बाई बाईंनी हातोडीला म्हटले होते.

काकांनी ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. नवा डोंगर करताना त्यांनी मुद्दाम पट्ट्यांच्या जागांकडे पाहिले नव्हते. रेघ कुठे भेटेल याचा अंदाज मनात येऊ लागला की ते उठून पाणी पीत. आता त्यांना वाटले की आपण काही सांगायलाच नको होते का. त्या दिवशी ती निदान हरून मोकळी झाली होती. आता पुन्हा पत्ते निघाले तर तिला तेच एकदा नव्याने गिळावे लागेल, आणि ते ताट आपण दुसऱ्यांदा वाढलेले असेल.

पलीकडे सगळे शांत झाले. मग कोणीतरी खुर्ची सरकवली.

"काका," हातोडीची हाक आली. आवाजावरून काही कळेना. "या."

बाई टेबलाशी उभ्या होत्या. समोरची रांग आता इतकी ठेंगणी होती की काकांना ती स्वतःच्या हाताने केलेली असूनही ओळखीची वाटेना. बाईंचा उजवा हात थोरलीवर होता. त्यांनी खालच्या पट्टीवर तळवा लावला आणि वर सरकवला. हात दुसऱ्या पट्टीवर आला, जरासुद्धा न अडखळता, तिथून तिसरीवर आणि तिथून माथ्यावरच्या शेवटच्या पट्टीवर. डावा हात त्यांनी धाकटीच्या माथ्यावर लावला आणि तिथून मागच्या अंगाला खाली सरकवला. एक, दोन पट्ट्या लागल्या. तिसरीवर हात अडला.

"ही बसत नाही," बाई म्हणाल्या. "धाकटीच्या मागच्या अंगाची. ही खाली राहते."

"मी दोनदा तपासली. आकडा तोच आहे," हातोडी म्हणाली.

"मग तिथे तुमची चकती असेल. तिथून पुढे पूर्वेकडे चकत्याच असतील, कोण जाणे. ते तुझं." बाईंचा चेहरा उजळला होता. सगळेच जुळले असते तर तो इतका उजळला नसता, असे काकांना वाटले. "पण त्याच्या अलीकडे घडी आहे. इथपासून इथपर्यंत."

आणि त्यांनी दोन्ही हात दोन सोंडांच्या माथ्यांवरून उचलले. पट्ट्यांचा कल न सोडता ते वर वर नेले. दरीच्या वर, जिथे काहीच नव्हते तिथे, तळव्यांचा कल सावकाश कमी होत गेला आणि बोटांची टोके एकमेकांना टेकली. हवेत कमान उभी राहिली.

काका मान वर करून पाहत राहिले. "इतका उंच होता डोंगर?" त्यांनी विचारले.

"कधीच नव्हता हो," बाई म्हणाल्या. हात त्यांनी तसेच धरून ठेवले होते. "वर येत होता आणि झिजत होता, दोन्ही एकदमच. एवढा उंच तो एकही दिवस उभा राहिला नाही. तरी थर इथूनच गेला होता."

"मग छापायचं कसं?" हातोडीने विचारले. "सोंडांवर पक्की रेघ, ते ठीक. हवेतलं?"

"हवेतलं तुटक. छेदात जमिनीच्या वर तुटक रेघ काढतात, विसरलीस का? जे होतं पण उरलं नाही त्याची रेघ. आणि धाकटीच्या मागे प्रश्नचिन्ह टाक, चांगलं मोठं. उन्हाळ्यात तिथे कोणीतरी जाऊन ओढ्याच्या काठानं खोदून बघा." बाईंनी हात खाली घेतले. "छेद खऱ्या मापात काढायचा. ठेंगणा दिसला तर दिसू दे."

"छेद यंत्रावर होतो आता, बाई. पण तुमच्या दोघांचा शेवटचा आहे. काका काढणार असतील तर मी तोच छापायला देते. मंडळाशी मी भांडीन."

काकांनी कागद ताणून लावला, पेन्सिलीला टोक केले. खऱ्या मापातला डोंगर कागदाच्या तळाशी चिंचोळ्या पट्ट्यात बसला आणि वर भलेमोठे रिकामे आकाश उरले. आयुष्यात त्यांनी इतके रिकामे आकाश कधी ठेवले नव्हते. थोरलीच्या पोटातली पक्की रेघ त्यांनी एका दमात ओढली. माथ्याशी पेन्सिल उचलून ते थांबले.

बाई शेजारी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना कागदाची कड तेवढी दिसत होती.

"कुठपर्यंत आलात?"

"थोरलीच्या माथ्यावर."

"मग या की पुढे."

काकांनी एक बारीक रेघ हवेत टाकली, थोडी जागा सोडली, दुसरी टाकली. बाई कान देऊन पेन्सिलीचा आवाज ऐकत होत्या.

"आता?"

"दरीच्या वर आहे. निम्म्यात."

"सावकाश या," बाई म्हणाल्या. "घाई नाही."